उभ्या उभ्या झोंबी

सकाळी दहा-साडेदहाच्या सुमारास हिंजवडीतल्या काचेच्या इमारतींमध्ये माणसं एकाएकी खुर्च्या सोडून उभी राहतात. कोणी मोठा साहेब आलेला नसतो, राष्ट्रगीतही लागलेलं नसतं. सात-आठ जणांचं कोंडाळं होतं. एकाच्या हातात कॉफीचा कप, एकीच्या एकाच कानात इअरबड, एक जण भिंतीला टेकून उभ्या उभ्या डुलकीच्या बेतात. मग पाळीपाळीने प्रत्येक जण काल आपण काय केलं, आज काय करणार आणि घोडं कुठे अडलंय ते सांगतो. पंधरा मिनिटांत आटपून मंडळी जागेवर जातात. या सभ्य, पेंगुळलेल्या आणि वातानुकूलित विधीला ‘स्क्रम’ म्हणतात.

रग्बीच्या मैदानावरचा स्क्रम ज्याने एकदा तरी पाहिला आहे, त्याला हे नाव ऐकून हसू आवरणार नाही. तिथे एकेका बाजूचे आठ, असे सोळा गडी मुंड्या खाली घालून एकमेकांना भिडतात. पुढच्या रांगेत तिघे. कडेचे दोघे ‘प्रॉप’, म्हणजे चक्क टेकू. मधला ‘हूकर’. चेंडू पायाने आकड्यासारखा ओढून मागे सारायचा हे त्याचं काम, म्हणून हे नाव. शेजारणीला मुलाचं पद सांगताना त्याच्या आईची काय पंचाईत होत असेल, ते तिचं तिलाच ठाऊक. त्यांच्या मागे दोन ‘लॉक’. हे पुढच्या गड्यांच्या कमरांमधल्या फटीत डोकं घालतात आणि सगळं प्रकरण मिटेपर्यंत तिथून त्यांना जगातलं काहीही दिसत नाही. मग दोन्ही अंगांना एकेक आणि सर्वांच्या पाठीमागे एक गडी. पंच पुकारतो: क्राउच, बाइंड, सेट. ‘सेट’ म्हटल्याबरोबर मांस मांसावर आपटल्याचा जो आवाज होतो, तो दूरदर्शन संचातूनही पोटात जाणवतो. आंतरराष्ट्रीय सामन्यात एकेका बाजूचं वजन नऊशे किलोच्या आसपास भरतं. म्हणजे दोन्ही मिळून अठराशे किलो माणूस एका चेंडूवर रेटा देत असतो.

आणि एवढं रामायण कशासाठी? तर बहुधा कोणाच्या तरी हातून चेंडू पुढे सांडलेला असतो. चूक अगदी किरकोळ. दुसऱ्या कुठल्याही खेळात पंचाने शिट्टी वाजवून ‘चला, पुन्हा सुरू करा’ म्हटलं असतं. रग्बीत पुन्हा सुरू करणं याचाच अर्थ सोळा जणांनी एकमेकांच्या मानेची परीक्षा घेणं.

माझा भाचा वाकडला राहतो आणि आठवड्यातले काही दिवस त्याचा स्क्रम घरूनच चालतो. त्या वेळी ताईकडे गेलं की ती दारातच तोंडावर बोट ठेवते. ‘हळू बोल रे, त्याचा स्क्रम चालू आहे.’ कुकरखालचा गॅस बारीक केलेला असतो, भांडीवाल्या मावशींना पंधरा मिनिटं बाल्कनीत बसवलेलं असतं. घरात एवढी शांतता मी एरवी फक्त सत्यनारायणाच्या पोथीला पाहिली आहे, आणि तिथेही निदान मधूनमधून शंख वाजतो.

आता हा शब्द कोणत्या वाटेने वाकडपर्यंत आला ते पाहू. त्याची वंशावळ मांडायला बसलं, तर ती आपल्याकडच्या एखाद्या जुन्या घराण्यासारखी निघते: मूळ पुरुष शूर, मधले भांडकुदळ आणि सध्याची पिढी नोकरीत.

मूळ पुरुष जर्मानिक. पश्चिम युरोपातल्या जुन्या जर्मानिक बोलींमध्ये ‘स्कर्म’सारखा एक शब्द होता. अर्थ: आडोसा, ढाल, स्वतःचं रक्षण. मारणं नव्हे, वाचणं. जर्मन भाषेत त्याचा वंश अजून त्याच अर्थाने नांदतो. तिथे ‘शिर्म’ म्हणजे आडोसा. पावसापासून वाचवते ती छत्री ‘रेगनशिर्म’, पडण्यापासून वाचवतं ते पॅराशूट ‘फॉलशिर्म’ आणि संगणकाचा पडदा ‘बिल्डशिर्म’. म्हणजे बर्लिनमधला एखादा इंजिनियर जेव्हा पडद्यासमोर बसून स्क्रम करतो, तेव्हा आतेभाऊ-मामेभाऊ समोरासमोर आलेले असतात. ओळख मात्र कोणीच करून देत नाही.

हा शब्द फ्रेंचांच्या हाती लागला आणि त्याला धार चढली. स्वतःचा बचाव करत तलवार चालवणं म्हणजे ‘एस्क्रिमिर’. आजही फ्रेंचमध्ये तलवारबाजीच्या खेळाला ‘एस्क्रिम’ म्हणतात. तिथून इंग्रजीत आला ‘स्कर्मिश’, म्हणजे चकमक. दोन टोळक्यांची गाठ पडून घटकाभर झालेली खणाखणी. पुढे इंग्रजांच्या जिभेने त्यातला ‘र’ उचलून अलीकडे आणला. आपल्याकडे नुकसानीचं ‘नुसकान’ होतं तसाच हा प्रकार, फक्त त्यांच्याकडे तो शब्दकोशात छापला गेला. स्कर्मिशचं ‘स्क्रिमेज’ झालं, स्क्रिमेजचं ‘स्क्रमेज’, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दमलेल्या खेळाडूंनी तेही अर्धं टाकून नुसतं ‘स्क्रम’ ठेवलं. अमेरिकन लोकांनी मधलं ‘स्क्रिमेज’ आपल्या फुटबॉलमध्ये जपून ठेवलंय. इंग्लंडमध्ये जुने झालेले शब्द अमेरिकेत नव्यासारखे वापरात असतात, त्यातलाच हा एक.

या घराण्याची एक शाखा इटलीत गेली आणि नाटकात शिरली. चकमकीला इटालियनमध्ये ‘स्कारामुच्चा’ म्हणतात. तिथल्या जुन्या लोकनाट्यात याच नावाचं एक पात्र असे: काळे कपडे, कमरेला तलवार, तोंडात बढाया आणि प्रसंग आला की पहिला पळणारा. फ्रेंच-इंग्रजीत तो ‘स्कारामूश’ झाला. हे नाव आज जगभर माहीत आहे ते नाटकामुळे नव्हे, तर क्वीन या बँडच्या 1975 सालच्या ‘बोहेमियन रॅप्सडी’मुळे. ते गाणं लिहिणारा फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फारुख बलसारा, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात वाढलेला. म्हणजे स्क्रमची इटालियन चुलत बहीण जगभर गाजवली ती सातारा जिल्ह्यात शिकलेल्या मुलाने. स्ट्रॉबेरी आणि जॅमच्या जाहिराती करणाऱ्या पाचगणीने याचा काहीच फायदा उठवू नये, याचं मला खरोखर नवल वाटतं.

हातघाईच्या इंग्रजी शब्दांत इतकी लांबलचक वंशावळ सगळ्यांनाच लाभलेली नाही. ‘टसल’ घ्या. वर्तमानपत्रांत दोन मंत्र्यांमध्ये टसल चालू असते ना, तोच. त्याचा सख्खा भाऊ म्हणजे केस विस्कटणारा ‘टाउझल’. दोघांचं मूळ ओढाताणीत आहे. म्हणजे टसल ही मुळात एकमेकांच्या झिंज्या ओढण्याची गोष्ट. दोन टकले मंत्री टसल कशी करतात, हा प्रश्न भाषाशास्त्रज्ञांनी अजून हाती घेतलेला नाही. त्याहून बिकट अवस्था ‘स्ट्रगल’ची. या शब्दाची व्युत्पत्ती द्यायची वेळ आली की भलेभले कोशकार ‘मूळ अनिश्चित’ असं लिहून पुढच्या शब्दाकडे वळतात. अंधेरी-वर्सोव्याच्या कॉफीच्या दुकानांत एका कपावर दुपार काढणाऱ्या आपल्या स्ट्रगलरांना इंडस्ट्रीत गॉडफादर नसतो. त्यांच्या शब्दाला तर बापच नाही.

पुन्हा स्क्रमकडे. त्याला चिखलात लोळवलं ते इंग्लंडमधल्या वॉरिकशर परगण्यातल्या रग्बी नावाच्या गावातल्या शाळेने. 1823 साली तिथल्या विल्यम वेब एलिस नावाच्या मुलाने फुटबॉल खेळता खेळता चेंडू हातात उचलून धूम ठोकली आणि रग्बी जन्माला आली, अशी गोष्ट सांगतात. ही गोष्ट छापून आली ती एलिस वारल्यावर, म्हणजे खुलासा मागायची सोय उरली नव्हती. बिचारा पुढे पाद्री झाला होता. आज रग्बीच्या विश्वचषकाला त्याचं नाव आहे. नियम मोडल्याबद्दल एवढा मोठा चषक मिळालेला दुसरा विद्यार्थी माझ्या माहितीत नाही.

त्या काळच्या शाळकरी सामन्यांत शे-दोनशे पोरं एकाच वेळी मैदानात उतरत. स्क्रम म्हणजे या सगळ्यांचा मिळून एक ढीग. चेंडू कुठे आहे हे ढिगातल्या तिघा-चौघांनाच ठाऊक असे आणि बाकीचे तो आपल्याकडे आहे असं समजून लाथा झाडत. समोरच्याच्या नडगीवर लाथ मारण्याला तिथे रीतसर नाव होतं: ‘हॅकिंग’. 1863 साली लंडनच्या एका खाणावळीत फुटबॉलचे नियम ठरवायला क्लबांचे प्रतिनिधी जमले आणि हॅकिंग बंद करावं असा प्रस्ताव आला. ब्लॅकहीथ क्लबाच्या कॅम्पबेल नावाच्या गृहस्थांना हे सहन झालं नाही. लाथा काढून टाकल्या तर खेळातलं शौर्यच जाईल आणि मग आठवडाभर सराव केलेले फ्रेंचही तुम्हाला हरवतील, असं त्यांनी बजावलं. अखेर ब्लॅकहीथने ती संघटनाच सोडली. पुढे 1871 साली याच परंपरेतल्या क्लबांनी रग्बीची स्वतंत्र युनियन काढली आणि पहिल्या काही कामांत कोणतं काम केलं? हॅकिंगवर बंदी. हा शेवट आपल्याला अनोळखी वाटू नये. पक्ष फोडून बाहेर पडायचं आणि बाहेर जाऊन तोच ठराव मंजूर करायचा, हे आपण मराठीत पुष्कळ वेळा वाचलेलं आहे.

जाता जाता: ज्या कंपन्यांत सकाळी स्क्रम होतो, तिथेच वर्षातून एकदा ‘हॅकेथॉन’ही होतो. चोवीस तास, फुकट पिझ्झा. त्यातलं हॅकिंग वेगळं, हे मला माहीत आहे. तरीही भाच्याने हॅकेथॉनला जातो म्हटलं की माझी नजर आधी त्याच्या नडग्यांकडे जाते.

रग्बी हिंदुस्थानात आली ती साहेबाच्या सामानातून, आणि इथल्या उकाड्यात तिचा जीव रमेना. कलकत्त्यात 1872 च्या नाताळात सामना झाला, लगेच क्लब निघाला, आणि चार-पाच वर्षांत सभासद गळू लागले. क्लबातला फुकटचा बार बंद झाल्यावर गळती वाढली, असं सांगतात. मला हे कारण पटतं. सोळा जणांच्या ढिगाखाली जायचं, तर वरती काहीतरी प्रलोभन हवंच. शेवटी क्लब गुंडाळला, बँकेतले चांदीचे रुपये काढले, ते वितळवून एक चषक घडवला आणि इंग्लंडला पाठवून दिला. तोच ‘कलकत्ता कप’. झाकणावर हत्ती, आणि तीन कानांच्या जागी तीन नाग. इंग्लंड आणि स्कॉटलंड 1879 पासून त्यासाठी झुंजताहेत. पहिला सामना बरोबरीत सुटला, म्हणजे आपले रुपये वितळवूनही पहिल्या वर्षी तो कोणालाच लाभला नाही. 1988 साली तर सामन्यानंतरच्या रात्री दोन्ही संघांतल्या खेळाडूंनी हा चषक एडिंबरोच्या रस्त्यावरून लाथाडत नेला आणि पार चेपवला. कॅम्पबेलसाहेबांच्या आत्म्याला त्या रात्री शांती लाभली असावी.

मुंबईत जिमखान्यावर रग्बी टिकली, अजूनही खेळली जाते. पण महाराष्ट्राच्या मातीत तिला घरची मंडळी भेटतात ती कोल्हापुरात, आणि तीही कानांवरून. स्क्रमच्या पुढच्या रांगेत वर्षानुवर्षं खेळलेल्या माणसाचा कान पाहा आणि गंगावेशीतल्या एखाद्या जुन्या पैलवानाचा कान पाहा. वेगळा ओळखता येणार नाही. डोकं डोक्यावर घासून, मार बसून कानाची त्वचा आतल्या कूर्चेपासून सुटते, मध्ये रक्त साकळतं, कूर्चेचं पोषण थांबतं आणि मग ती वेडीवाकडी गाठीगाठींनी भरून येते. कानाची पाळी, वळणं, भोक, सगळं मिळून एक गोळा होतो. इंग्रजांनी त्याला ‘कॉलीफ्लॉवर कान’ म्हटलं, भाजीच दिसली त्यांना. आपल्याकडे नुसतं ‘कान मोडलेत’ म्हणतात, आणि म्हणताना आवाजात आदर असतो. मोडक्या कानाच्या माणसाला एसटीत जागा मिळते, दुकानदार उधारीचा तगादा लावत नाही. रग्बीवाले आता कानांना पट्ट्या चिकटवतात किंवा पातळ गादीची टोपी घालतात. तालमीत असलं काही घालून उतरलं, तर वस्ताद काय म्हणतील ते कौटुंबिक मासिकात छापता येणार नाही.

एवढा घाम गाळून मिळवलेला शब्द कचेरीत कसा पोहोचला? त्याला दोन जपानी प्राध्यापक कारणीभूत आहेत. हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका यांनी 1986 साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त एक लेख लिहिला. होंडाची सिटी मोटार, कॅननचा कॅमेरा, फुजी-झेरॉक्सचं कॉपी काढण्याचं यंत्र असे नवे माल कंपन्यांनी झटपट कसे बाजारात आणले, याचा तो अभ्यास. त्यांचं म्हणणं असं की जुनी पद्धत रिले शर्यतीसारखी: एका खात्याने पळायचं, काठी दुसऱ्याच्या हातात द्यायची आणि आपण दम खात बसायचं. नव्या पद्धतीत सगळा संघ रग्बीसारखा चेंडू आपापसांत फिरवत एकदम पुढे सरकतो. इथे त्यांनी स्क्रम हा शब्द वापरला. आता खरं पाहता स्क्रममध्ये चेंडू फिरत नाही, तो सोळा जणांच्या पायांत जमिनीवर असतो. आणि मैदानात तो फिरतो तेव्हाही हाताने फक्त मागेच देता येतो, पुढे दिला की शिट्टी. प्राध्यापकांनी हे बारकावे सोडून दिले. कंपन्यांनी मात्र नेमका तेवढाच नियम उचलला. काम पुढे, चेंडू मागे.

तो लेख वाचून जेफ सदरलंड नावाच्या अमेरिकन गृहस्थाने हा शब्द सॉफ्टवेअरमध्ये आणला. हे पूर्वी अमेरिकन हवाई दलात वैमानिक होते, व्हिएतनामच्या युद्धात विमान उडवून आलेले. त्यांना कशाचीच भीती नव्हती, मीटिंगचीही नसावी. 1995 साली त्यांनी आणि केन श्वेबर यांनी मिळून ही पद्धत जाहीरपणे मांडली. काही वर्षांत ती जगभर पसरली, आणि जगभर पसरलेली गोष्ट हिंजवडीत न येऊन सांगते कोणाला?

तिच्याबरोबर ‘स्क्रम मास्टर’ हे पदही आलं. दोन दिवसांचा वर्ग, एक परीक्षा, प्रमाणपत्र. हा मास्टर कोणाचा साहेब नसतो, असं त्यांच्या पोथीतच लिहिलेलं आहे. त्याने हुकूम द्यायचा नाही, फक्त सगळ्यांच्या वाटेतले अडथळे दूर करायचे. तालमीतला वस्ताद पहाटे चारला काठी आपटून पोरं उठवतो, जोर-बैठका मोजतो, कोणी मोजणीत लबाडी केली तर पहिल्यापासून काढायला लावतो. त्याला प्रमाणपत्र मागायचं धाडस कोणी केलंच, तर ते अंगावर उमटत असे. स्क्रम मास्टर कॅलेंडरवर निमंत्रण पाठवतो, आणि लोक ‘टेंटेटिव्ह’ असं उत्तर देतात.

ताईच्या हॉलमध्ये गप्प बसून ऐकलेला एक स्क्रम मी इथे देतो. नावं गाळली आहेत.

‘फ्रॉम माय साइड डन आहे. टेस्टिंग बाकी आहे.’

‘टेस्टिंग कालच सुरू करणार होतो, पण एन्व्हायर्नमेंट डाउन होतं.’

‘एन्व्हायर्नमेंट परवाच वर आलंय. मी मेल टाकला होता.’

‘मेल मिळाला, पण मला अॅक्सेस नाहीये.’

‘अॅक्सेससाठी तिकीट टाकावं लागतं.’

‘टाकलंय. जिरावर बघा.’

शेवटच्या वाक्याला ताईने चमकून स्वयंपाकघराकडे पाहिलं. जिरा हे त्या तिकिटांच्या सॉफ्टवेअरचं नाव. त्याचा फोडणीशी संबंध नाही. ‘गोजिरा’ या जपानी नावाचं ते शेपूट आहे. त्या राक्षसाला आपण गॉडझिला म्हणून ओळखतो. एका देशात शहरं तुडवणारा राक्षस आणि दुसऱ्या देशात पाळण्यातलं बाळ, दोघांनाही गोजिरा म्हणत असतील, तर अशा जगात स्क्रमचं काय व्हायचं ते झालं म्हणून रडण्यात अर्थ नाही.

पण तो संवाद पुन्हा वाचा. त्यात कोणी कोणावर हल्ला केला का? एकाने तरी ‘तुझ्यामुळे उशीर झाला’ म्हटलं? नाही. प्रत्येकाने आपली ढाल पुढे केली आणि मागे उभा राहिला. फ्रॉम माय साइड डन, मेल टाकला होता, तिकीट टाकलंय: एकाहून एक चिवट आडोसे. हजाराहून जास्त वर्षांपूर्वी त्या जर्मानिक टोळ्यांनी हा शब्द ज्या अर्थाने तोंडात घेतला होता, नेमक्या त्याच अर्थाने तो आज वाकडच्या आठव्या मजल्यावर वापरात आहे. फ्रेंचांनी त्याला तलवार दिली, इंग्रजांनी चिखल दिला, जपान्यांनी मोटार दिली. ते सगळं अंगावरून झटकून पठ्ठ्या परत स्वतःच्या बचावाला लागलाय.

रग्बीच्या नियमांत यालाही जागा आहे. पुढच्या रांगेचे तयार गडी जखमी होऊन संपले, तर पंच ‘अनकंटेस्टेड स्क्रम’ पुकारतो. सगळ्यांनी रीतसर वाकायचं, रीतसर भिडायचं, पण रेटा द्यायचा नाही. आणि ज्या बाजूने चेंडू आत टाकला, त्याच बाजूला तो निमूटपणे जाऊ द्यायचा. आपल्याकडे याला नुरा कुस्ती म्हणतात आणि प्रेक्षक पैसे परत मागतात. तिकडे तो नियम आहे, इकडे तो रोज सकाळी दहाला आहे.

अर्थात कचेरीतल्या पोरांना हसणाऱ्या आपण मराठी लिहिणाऱ्यांनीही आपली पाटी तपासायला हरकत नाही. निवडणूक जाहीर झाली की अग्रलेखांचा आखाडा होतो. उमेदवार शड्डू ठोकतात, एकमेकांना आस्मान दाखवतात, चितपट होतात, आणि धोबीपछाड तर पंचायत समितीपासून दिल्लीपर्यंत कोणालाही बसतो. कुस्तीत घिस्सा आहे, एकलंगी आहे, ढाक आहे, कलाजंग आहे, मोळी आहे. अग्रलेखवाल्यांना डाव मात्र एकच येतो. लाल माती डोळ्यांत गेली तर किती चुरचुरते हे माहीत असलेला संपादक मला अजून भेटायचाय. आनंद यादवांच्या ‘झोंबी’ला 1990 साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ती मात्र खरी होती: शिक्षणासाठी एका खेडवळ पोराने बापाशी, रानाशी आणि दारिद्र्याशी घेतलेली झोंबी. हल्लीच्या पोरांच्या हाती ते पुस्तक गेलं, तर त्यात मेलेली माणसं केव्हा उठणार याची वाट पाहत ती शंभरेक पानं वाचतील. काही का असेना, वाचतील तरी.

खरा रेटा शिल्लक असलेला एक स्क्रम मात्र अजून आहे. कॅनडात पार्लमेंटच्या बाहेर पुढाऱ्याला घेरणाऱ्या पत्रकारांच्या घोळक्याला स्क्रमच म्हणतात, आणि तो तंतोतंत तसाच आपल्या विधानभवनाच्या पायऱ्यांवर अधिवेशनात रोज भरतो. पुढची रांग बूम धरून वाकलेली. मधला गडी आपला लोगो कॅमेऱ्यात यावा म्हणून दुसऱ्याच्या काखेतून हात काढतो. दुसरी रांग खांद्यावर कॅमेरे घेतलेली, तिचं सगळं वजन पहिलीच्या पाठीवर. मागून रेटा येतो तसा पुढचा घोळका एकेक पायरी चढतो आणि बाइट घेऊन उतरतो. कोणाची चप्पल तिथेच राहते, कोणाचं कोपर कोणाच्या कानावर बसतं. आणखी दहा वर्षं हे असंच चाललं, तर या लोकांचेही कान गंगावेशीतल्यासारखे होतील. या गदारोळाच्या बरोबर मध्यावर, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत, पुढारी तेवढा शांत उभा असतो. सगळे बूम हनुवटीपाशी पोचल्याची खात्री करून घेतो आणि सांगतो, ‘आम्ही शड्डू ठोकलेला आहे.’

‘दादा, पुन्हा एकदा बोला ना,’ दुसऱ्या रांगेतून एक जण ओरडतो, ‘धक्का लागला, रेकॉर्ड झालं नाही.’